‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ (१९७३) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिग्दर्शक सॅम पेकिनपाच्या या वेस्टर्नबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बंदूकबाजांच्या सिनेमाबद्दल, मी जिथे जिथे बोललो किंवा लिहिलं, तिथून प्रश्न येत राहिले. बरेचसे तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सिनेमा अजून पाहिला नसेल तर पहिले तीन प्रश्न वाचा, पाहून या आणि मग पुढचे वाचा. पुढे काहीही राखून ठेवलेलं नाही.

१. सिनेमा नेमका कशावर आहे?

काळ १८८१, ठिकाण अमेरिकेतला न्यू मेक्सिको. तेव्हा तो प्रदेश राज्य झालेला नव्हता. पॅट गॅरेट आणि बिली हे जुने सोबती. एकत्र फिरलेले, एकत्र प्यायलेले, कायद्याच्या बाहेरही एकत्रच वावरलेले. आता गॅरेटचं वय झालं आहे, घरसंसार आहे, आणि मोठे गुरांचे मालक व सांता फेचे राजकारणी यांच्या पाठिंब्यावर तो शेरीफ होतो आहे. बदल्यात त्यांना एकच हवं आहे : बिलीचा बंदोबस्त. गॅरेट स्वतः फोर्ट समनरला जाऊन बिलीला सांगतो की पाच दिवसांनी मी सूत्रं घेईन, त्याआधी मुलूख सोड. बिली सोडत नाही. कथा एवढीच आहे. पटकथा रूडी वुर्लिट्झरची. गॅरेट झाला आहे जेम्स कोबर्न आणि बिली क्रिस क्रिस्टोफरसन.

२. शेरीफ म्हणजे आपल्याकडचा पोलीस इन्स्पेक्टर समजायचा का?

तसं समजलात तर सिनेमाचा निम्मा पीळ निसटेल. इन्स्पेक्टर सरकारी नोकर असतो, त्याची बदली होते. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरीफ निवडून येतो. म्हणजे त्याला मतं लागतात, आणि मतं ज्यांच्या हातात असतात त्यांचा तो मिंधा होतो. खरा गॅरेट नोव्हेंबर १८८० मध्ये लिंकन काउंटीत निवडून आला तो बिलीला पकडण्याच्याच बोलीवर. शिवाय तिथला शेरीफ करही गोळा करायचा. बिली तुरुंगातून पळतो तेव्हा गॅरेट गावात नसतो, तो वसुलीला गेलेला असतो. सिनेमातही तसंच आहे आणि इतिहासातही.

३. एकाच सिनेमाच्या इतक्या आवृत्त्या का? कोणती पाहू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

चित्रीकरण मेक्सिकोतल्या दुरांगोमध्ये नोव्हेंबर १९७२ ला सुरू झालं आणि पहिल्यापासून साडेसाती लागली. एका कॅमेऱ्यात दोष निघाला आणि चौकटीचा खालचा भाग धूसर येऊ लागला. माणसं तापाने आजारी पडली. पेकिनपाचं पिणं हाताबाहेर गेलेलं होतं. काम सुमारे तीन आठवडे लांबलं आणि खर्च ठरल्यापेक्षा पंधरा लाख डॉलरच्याही वर गेला. एमजीएम या निर्मिती कंपनीचे प्रमुख जेम्स ऑब्री यांना सिनेमा लवकर आणि आटोपशीर हवा होता. संकलनाला वेळच मिळेना. श्रेयनामावलीत सहा संकलकांची नावं आहेत, त्यावरून घाईची कल्पना यावी. शेवटी कंपनीने स्वतःच कात्री चालवली आणि मे १९७३ मध्ये १०६ मिनिटांची प्रत चित्रगृहांत लावली. पेकिनपाने ती आपली मानली नाही.

त्याची स्वतःची, खासगी खेळासाठी तयार केलेली सुमारे १२२ मिनिटांची प्रत १९८८ मध्ये लोकांपुढे आली. तो तर १९८४ लाच गेला होता. मग २००५ मध्ये पॉल सेडर यांनी दोन्ही प्रती जुळवून ११५ मिनिटांची आवृत्ती तयार केली. २०२४ मध्ये सेडर आणि मूळ संकलकांपैकी रॉजर स्पॉटिसवूड यांची पन्नाशीनिमित्तची आवृत्ती आली.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पाहताना १९८८ ची घ्या. ती कच्ची आहे, काही जागी सैल आहे, पण सिनेमाचा श्वास तिच्यात शाबूत आहे. दुसऱ्यांदा २०२४ ची घ्या, तिचे सांधे नीट बसवलेले आहेत. १०६ मिनिटांची प्रत एकटीच पाहून मत बनवू नका. तिच्यात सुरुवातच नाही (प्रश्न ४) आणि गुरांचा मालक चिझमचा प्रसंगही नाही. गाण्याबाबत मात्र तिची बाजू वरचढ आहे, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

४. सुरुवातीलाच म्हातारा गॅरेट मारला जातो. मग पुढे तो जिवंत कसा? मी काही चुकवलं का?

काहीही चुकलेलं नाही. पहिला प्रसंग १९०९ चा, लास क्रूसेसजवळचा. रंग जवळजवळ उडालेले. गॅरेटवर गोळ्या झाडल्या जातात, आणि तेवढ्यात चित्र १८८१ च्या फोर्ट समनरला उडी मारतं. तिथे बिली आणि त्याचे दोस्त जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या कोंबड्यांवर नेम धरून खेळताहेत. अट्ठावीस वर्षांपूर्वीची गोळी सुटते आणि इकडे म्हातारा गॅरेट झटका खातो. पुन्हा तिकडे गोळी, इकडे धक्का. त्या खेळात जाऊन सामील होणारा तरुण गॅरेटही बंदूक उचलतो. म्हणजे स्वतःला मारणाऱ्यांत तोही आहे, हे पेकिनपाने एक शब्द न उच्चारता पहिल्या पाच मिनिटांत दाखवलं आहे. या प्रसंगासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा पाहायला तयार आहे.

खरा गॅरेट २९ फेब्रुवारी १९०८ ला मारला गेला. १९०९ हा आकडा सिनेमाचा (प्रश्न १६ पाहा).

५. पाठलाग म्हणतात, पण गॅरेट सारखा थांबतो, पितो, गप्पा मारतो. सिनेमा इतका रेंगाळतो का?

कारण गॅरेटचा पाय निघत नाही.

हे एकदा लक्षात घेऊन पुन्हा पाहा. बिली कुठे आहे हे अख्ख्या मुलखाला माहीत आहे : फोर्ट समनरला, त्याच्या नेहमीच्या जागी. लपलेला माणूस शोधायचा आहे असं इथे काहीच नाही. तरी गॅरेट आडवाटेने जातो. एका शेरीफला सोबत घेतो, एका दुकानात अडकून पडतो, नदीकाठी शेकोटी पेटवतो. गव्हर्नरच्या घरी पैसेवाले आगाऊ रक्कम पुढे करतात तेव्हा तो ती नाकारतो. आपल्याकडे नको असलेल्या कामाला निघालेला माणूस वाटेत दहा ठिकाणी चहा घेतो ना, तसं हे आहे. फक्त त्याच्या प्रत्येक थांब्यावर कोणीतरी मरतं. हा माणूस वेळकाढूपणा करतो आहे आणि त्याची किंमत इतरांच्या जिवाने चुकती होते आहे.

दुसऱ्या बाजूला बिलीचीही तीच गत. तो एकदा खरोखर मेक्सिकोच्या वाटेला लागतो. वाटेत त्याचा म्हातारा मित्र पाको चिझमच्या माणसांच्या छळाने मरतो, आणि बिली घोडा मागे वळवतो. दोघांनाही भेट टाळायची आहे आणि दोघेही तिकडेच चालले आहेत. वेगवान पाठलागाचे वेस्टर्न शेकड्यांनी आहेत. ज्याच्या मागे लागायचं तोच आपला तरुणपणा आहे, अशा माणसाची चाल इतकीच हळू असणार, असं मला मनापासून वाटतं.

६. हे सगळं खरं घडलं का?

सांगाडा खरा, मांस सिनेमाचं.

खरं ते असं. १८७८ मध्ये लिंकन काउंटीत दोन व्यापारी गटांत युद्धच पेटलं. एकीकडे मर्फी-डोलन, दुसरीकडे टन्स्टल-मॅकस्वीन. १८ फेब्रुवारीला टन्स्टल या तरुण इंग्रजाचा खून झाला. बिली त्याच्याकडे कामाला होता. सूड म्हणून १ एप्रिलला शेरीफ ब्रॅडी मारला गेला. गॅरेटने बिलीला डिसेंबर १८८० मध्ये स्टिंकिंग स्प्रिंग्स इथे पकडलं. पुढच्या एप्रिलमध्ये मेसियाच्या न्यायालयाने ब्रॅडीच्या खुनासाठी फाशी सुनावली, तारीख १३ मे. त्याआधीच, २८ एप्रिलला, बिलीने लिंकनच्या कोर्टघरात बेल आणि ऑलिंजर या दोन पहारेकऱ्यांना मारून पळ काढला. १४ जुलै १८८१ च्या रात्री गॅरेटने पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत त्याला गोळी घातली. बाहेर पो आणि मॅकिनी हे दोन मदतनीस होते.

सिनेमाने काय बदललं? गॅरेटने शेरीफपदाची सूत्रं घेतल्यावर बिलीला अटक केली असं दाखवलं आहे आणि कित्येक महिन्यांचा पट काही आठवड्यांत गुंडाळला आहे. ऑलिंजरच्या बंदुकीत नाण्यांचे छर्रे आहेत, ते सिनेमाचे. पण तो स्वतःच्याच बंदुकीने मेला, हे खरं. गॅरेट आणि बिलीची जिवलग मैत्री सिनेमाने ताणली आहे. ओळख होती, एवढं नक्की.

७. बिलीने एकवीस वर्षांच्या आयुष्यात एकवीस माणसं मारली हे खरं का?

नाही. तो आकडा दंतकथेचा. एकट्याने मारलेले चार धरतात. टोळीबरोबर असताना झालेले आणखी काही. एकवीसचा आकडा पसरायला खुद्द गॅरेटच्या नावावर १८८२ मध्ये निघालेल्या पुस्तकाचाही हात आहे. ते बरंचसं ॲश अपसन या त्याच्या पत्रकार मित्राने लिहिलं होतं.

८. एकवीस वर्षांच्या पोराच्या भूमिकेत इतका थोराड नट का?

क्रिस्टोफरसन तेव्हा छत्तीसचा होता, कोबर्न चव्वेचाळीसचा. खरे बिली आणि गॅरेट एकवीस आणि एकतीसचे. म्हणजे इतिहासाच्या हिशेबाने दोघेही थोराड आहेत, पण त्यांच्यातलं अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं आहे. मला ही निवड पटते. कोवळा पोरगा मारला गेला असता तर आपण बिलीसाठी हळहळलो असतो. इथे मावळतीला लागलेली दोन माणसं आहेत, त्यांपैकी एकाने काळाशी तडजोड केली आणि दुसऱ्याने केली नाही. आणि बिलीला पेकिनपाने संतही केलेलं नाही. बेल नावाच्या साध्या पहारेकऱ्याला तो जिन्यात पाठीत गोळी घालतो.

९. तो बॉब डिलनच का? आणि तो डबे का वाचत बसतो?

हो, तोच. पुढे २०१६ चं साहित्याचं नोबेल मिळालेला. सिनेमात त्याचं नाव ‘एलियस’, म्हणजे टोपणनाव. खरं नाव काय, हे तो सांगत नाही. छापखान्यातली नोकरी सोडून तो बिलीच्या मागे येतो, आणि बहुतेक वेळ नुसता पाहत राहतो.

डब्यांचा प्रसंग जवळून पाहा. गॅरेट दुकानात शिरतो, बिलीचे तीन साथीदार तिथे आहेत. तो एलियसला फळीवरच्या डब्यांकडे तोंड करून उभं करतो आणि वर लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावतो. घेवडा, पालक, आलुबुखार… डिलनचा तो अनुनासिक, सपाट आवाज चालू आहे आणि इकडे गॅरेट एकाला जबरदस्तीने दारू पाजतो आहे. त्या माणसाचा हात सुरीकडे जाणार आणि मग काय होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलेलं आहे. वाचन मात्र थांबत नाही. कोणी ओरडत नाही, संगीत नाही. वाणसामानाच्या यादीने इतकी धडकी भरवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१०. नदीकाठी म्हातारा शेरीफ मरतो तेव्हाचं गाणं कोणतं? माझ्या प्रतीत शब्दच नाहीत!

‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’. डिलनने ते याच सिनेमासाठी, याच प्रसंगासाठी केलं. पुढे ते इतकं गाजलं की अनेकांना त्याचा उगम माहीत नसतो. तुम्ही १९८८ ची प्रत पाहिली असणार. तिच्यात नुसती धून आहे. शब्दांसह हवं असेल तर चित्रगृहातली मूळ प्रत किंवा २००५ ची.

प्रसंग असा. शेरीफ बेकर, म्हणजे नट स्लिम पिकन्स, घरामागे होडी बांधतो आहे. या मुलखातून नदीने निघून जायचं त्याच्या मनात आहे. गॅरेट त्याला एका चकमकीला सोबत नेतो, बायकोही बंदूक घेऊन बरोबर येते. त्याच्या पोटात गोळी लागते. तो पोट धरून, एक शब्द न बोलता, नदीच्या दिशेने चालू लागतो. बायको, काती हुराडो, मागोमाग जाते आणि काही अंतरावर गुडघ्यांवर बसते. जवळ जात नाही. दोघं एकमेकांकडे पाहतात. ती रडते आहे आणि तो नदीकडे, पुन्हा तिच्याकडे पाहतो. संध्याकाळचा उजेड पाण्यावर आहे. होडी घरामागे अर्धी राहिली. शब्द असावेत की नसावेत यावर मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे. आज माझं मत शब्दांच्या बाजूने आहे.

हा प्रसंग मोबाइलवर पाहू नका. छायाचित्रकार जॉन कोकिलनने टिपलेला तो तिन्हीसांजेचा उजेड छोट्या पडद्यावर नुसता काळा दिसतो.

११. तराफ्यावरच्या माणसाचा कथेशी संबंध काय?

कथेशी काहीच नाही. गॅरेट नदीकाठी बसला आहे, एक कुटुंब तराफ्यावरून चाललं आहे, बाप पाण्यातल्या बाटलीवर नेम धरतो आहे. गॅरेटही सहज त्याच बाटलीवर गोळी झाडतो. तो माणूस लगेच बंदूक त्याच्यावर रोखतो, गॅरेटही रोखतो. ओळख नाही, वैर नाही. मग दोघेही बंदुका खाली करतात आणि तराफा पुढे जातो. कंपनीला हा तुकडा नको होता, पेकिनपा त्यासाठी अडून बसला. अख्ख्या सिनेमात बंदूक रोखून मग खाली घेतली जाते अशी जागा जवळपास हीच.

१२. शेवटी अंधारात शवपेटी बनवणारा म्हातारा कोण?

स्वतः सॅम पेकिनपा. लहान मुलाच्या मापाची पेटी ठोकतो आहे. गॅरेट बाटली पुढे करतो, तो घेत नाही. आलासच ना शेवटी, मग जा आणि उरकून टाक, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. दिग्दर्शक आपल्या नायकाला खुनाच्या दारापर्यंत स्वतः पोचवतो. (पटकथाकार वुर्लिट्झरही आहे : बिलीचा सुरुवातीला मरणारा साथीदार ओफोलियर्ड.)

१३. बिलीला मारल्यावर गॅरेट आरशावर गोळी का झाडतो?

आरशात तोच दिसतो म्हणून. पहिल्या प्रसंगात जे सांगितलं (प्रश्न ४), ते इथे पुरं होतं. नंतर पो बिलीचं बोट कापायला पुढे होतो तेव्हा गॅरेट त्याला लाथाडतो आणि ओसरीवरच्या झोपाळ्यात उजाडेपर्यंत बसून राहतो. खऱ्या घटनेत आरसा नव्हता. खोलीत अंधार होता, बिलीने स्पॅनिशमध्ये ‘कोण आहे?’ असं विचारल्याचं सांगतात, आणि आवाजावरून गॅरेटने गोळी झाडली.

१४. ‘शोले’ यावरून घेतलाय का?

नाही. ‘शोले’वर वेस्टर्नांचा प्रभाव आहे हे उघड आहे, पण त्याची नाळ दुसऱ्या सिनेमांशी जुळते. तुलना मात्र करून पाहण्यासारखी आहे. ठाकूर आणि गब्बर यांच्यात वैर आहे. ठाकूरला त्याला मारायचंच आहे, इतकं की मूळ शेवटात तो मारतोच, आणि सेन्सॉरच्या आग्रहामुळे १९७५ मध्ये पोलीस मधे आणावे लागले. गॅरेटला मारायचं नाही, आणि त्याला अडवायला कोणी येत नाही.

१५. सिनेमातला गव्हर्नर वॉलेस म्हणजे ‘बेन-हर’वाला का? बिलीला माफी मिळाली का?

तोच ल्यू वॉलेस. कादंबरी १८८० मध्ये, तो गव्हर्नर असतानाच आली. एका खुनाच्या खटल्यात साक्ष दिलीस तर माफी देईन, असं त्याने बिलीला कबूल केलं होतं. बिलीने साक्ष दिली, माफी आली नाही. बिलीची पत्रं शिल्लक आहेत. प्रकरण इतकं जिवंत राहिलं की न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांच्यापुढे मरणोत्तर माफीचा अर्ज आला. ३१ डिसेंबर २०१० रोजी, कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी तो नाकारला.

१६. खऱ्या गॅरेटला कोणी मारलं? सिनेमात तर पो दिसतो.

सिनेमाने पोला तिथे आणलं, कारण ज्यांनी गॅरेटला कामाला लावलं त्यांनीच त्याला संपवलं असं वर्तुळ त्याला पुरं करायचं होतं. खरा जॉन पो पुढे शेरीफ झाला, बँकेत मोठा झाला आणि १९२३ पर्यंत जगला.

खरा गॅरेट कर्जबाजारी झाला होता. मधे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याला एल पासोला जकातीची नोकरी दिली, तीही टिकली नाही. शेवटी आपल्या जमिनीवर भाडेकरू वेन ब्रेझेलने शेळ्या चरायला आणल्या यावरून तंटा झाला. रस्त्यात गाडी थांबवून उतरलेला असताना त्याला मागून डोक्यात गोळी लागली. ब्रेझेलने कबुली दिली, स्वसंरक्षण म्हणाला आणि सुटला. ती कबुली खरी मानायची का, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

१७. बिली त्या रात्री मेलाच नव्हता असं वाचलं. आणि तो डावखुरा होता ना?

दोन्हीला आधार नाही. आपणच बिली असं सांगणारे पुढे निघाले, १९५० मध्ये तर एक जण माफी मागायला गव्हर्नरपर्यंत गेला. पण फोर्ट समनरचे लोक बिलीला चांगलं ओळखत होते, आणि प्रेत त्यांनीच पाहिलं व पुरलं. डावखुरेपणाचा घोटाळा छायाचित्राचा. त्याचं खात्रीचं असं मानलं जाणारं चित्र पत्र्यावर उमटवलेलं आहे, आणि त्या पद्धतीत डावं-उजवं उलटतं. ते चित्र २०११ मध्ये तेवीस लाख डॉलरना विकलं गेलं.

१८. फोर्ट समनरला जाऊन काय पाहता येतं?

सिनेमातल्या इमारती नाहीत, ते चित्रीकरण मेक्सिकोचं. थडगं आहे : बिली आणि त्याचे साथीदार ओफोलियर्ड व बाउड्री यांचं एकत्र, वर ‘पॅल्स’ म्हणजे ‘सोबती’ असं कोरलेलं. दगड चोरीला गेल्यामुळे आता भोवती पिंजरा आहे. अमेरिकेत असलेले वाचक जाणार असतील तर शेजारचं बोस्के रेदोंदोचं स्मारकही पाहा. १८६० च्या दशकात नवाहो लोकांना शेकडो मैल चालवत आणून इथे डांबलं होतं, आणि त्यात हजारो दगावले. बिलीच्या दंतकथेखाली ती जागा झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

१९. मुलांबरोबर पाहावा का?

लहान मुलांबरोबर नको. रक्तपात आहे, नग्नता आहे. आणि पहिल्या प्रसंगातल्या कोंबड्या खऱ्या आहेत. प्राण्यांचे हाल पाहवत नसतील तर तयारीने बसा.

२०. सकाळी गॅरेट निघतो तेव्हा एक मुलगा त्याला दगड मारतो. तो कोण?

त्याला नाव नाही. गावातलंच एक पोर. सगळं गाव गप्प उभं आहे, गॅरेट घोड्यावर बसून निघाला आहे, आणि हा एकटा मागे धावत दगड भिरकावतो. १९५३ च्या ‘शेन’मध्ये असाच एक मुलगा निघून जाणाऱ्या घोडेस्वाराच्या मागे परत ये म्हणून हाका मारतो. जुन्या प्रेक्षकांना ती जागा आठवल्याशिवाय राहत नाही. इथल्या मुलाच्या हातात दगड आहे. एक-दोन दगड पोचतात की नाही पोचतात. गॅरेट मागे वळून पाहत नाही आणि घोड्याची चालही वाढवत नाही.